फ्रँचायझी म्हणजे मालकी नव्हे

भिवंडीची वीज टोरंट या खासगी कंपनीला 'विकली', असं काही जण म्हणतात. विकली नाही हो, २००७ पासून फ्रँचायझीवर, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज वितरणाचं काम बघायला कराराने दिलीय. वीज कायदा, २००३ च्या कलम १४ प्रमाणे फ्रँचायझीला वेगळा परवाना लागतच नाही. परवाना महावितरणचाच राहतो आणि वितरणाची कायदेशीर जबाबदारीही. मीटर वाचायला टोरंटचा माणूस येतो, पण दर ठरवतो वीज नियामक आयोग.

चहा-वडापावच्या फ्रँचायझीला एवढाही आधार नाही. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही, सगळा खेळ कराराचा. सही करण्याआधी करार मुदतीपूर्वी कोण आणि कसा मोडू शकतो ते कलम वाचा; रंगीत माहितीपत्रक नंतर चाळा.

इंग्रजीत मताधिकारालाही 'फ्रँचाइज'च म्हणतात. त्याचं म्हणाल, तर राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला, तरी तो कायद्याच्या चौकटीतच चालतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) बघा. आरोप सिद्ध न झालेला कच्चा कैदीही तुरुंगातून मत देऊ शकत नाही. स्थानबद्ध, म्हणजे प्रतिबंधक उपाय म्हणून डांबलेला माणूस मात्र देऊ शकतो. आणि कहर म्हणजे तोच कच्चा कैदी निवडणुकीला उभा राहू शकतो! २०१३ च्या दुरुस्तीने तशी सोय करून ठेवलीय.