कच्चा लिंबू ऑनलाइन! मुलांचे गेम आणि आपले खेळ: अनुभव लिहा

खिडकीपाशी
काल संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. आतल्या खोलीतून चिरंजीव ओरडले, "ए, त्याला नको मारू, तो कच्चा लिंबू आहे!" मेथी हातातच राहिली.

वय वर्षं नऊ, कानाला हेडफोन, माइनक्राफ्ट चालू. चार मित्र आणि त्यातल्या एकाचा पाच वर्षांचा भाऊ. हा धाकटा सगळ्यांच्या मागे नुसता पळत होता आणि दर दोन मिनिटांनी कुठूनतरी खाली पडून मरत होता. मेला की त्याचं सगळं सामान तिथेच सांडतं म्हणे. ते कोणी ना कोणी उचलून त्याला परत देत होतं, कुरकुरत, पण देत होतं. हा शब्द कुठून शिकलास विचारलं तर म्हणाला, "आजीने सांगितला. खाली पकडापकडीत पण असतो ना."

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन वर्षं स्वतः कच्चा लिंबू होते. ज्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा खरं राज्य आलं त्या दिवशी घरी जाऊन आईला असं सांगितलं होतं जणू बोर्डात आले. काल ते सगळं आठवलं आणि रात्री झोप नाही.

तुमच्या घरात असं काही दिसतं का? लिहा. छोटं असलं तरी लिहा.

लोकलवाली
ठाण्याला बसायला मिळालं म्हणून लिहितेय नाहीतर वाचूनच सोडते. लेक सातवीत. रोब्लॉक्स गेमवर त्यातल्या पाळीव प्राण्यांची अदलाबदल चालते यांची. दोघींनी एकदम कबूल केलं तरच सौदा होतो अशी नीट सोय आहे. तरी मैत्रीण म्हणाली "आधी तू दे, मग मी देते, विश्वास नाही का" आणि आमच्या बाईंनी दिला. मैत्रीण गायब. दोन दिवस जेवण नीट नाही.

मी तिला माझी ट्रम्प कार्डांची गोष्ट सांगितली. कुस्तीवाल्यांची कार्डं असायची ती. शेजारच्या मुलाने अगदी हाच डायलॉग मारून माझं सगळ्यात भारी कार्ड नेलं होतं. ती म्हणाली "आई तुला परत मिळालं?" नाही गं बाई. तो आता माझा दीर आहे. घाटकोपर आलं बाय

परळकर
@लोकलवाली दीर 😂😂 कार्ड मागून घ्या अजून.

आमच्या पुतण्याचा किस्सा. २०२०, अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला. बाप्पा घरच्या बादलीत विसर्जन करून सगळे आधीच गप्प. दुसऱ्या दिवशी पब्जीवर बंदी. पोरगा गॅलरीत उभा राहून म्हणतो, "काल बाप्पा गेले, आज पब्जी गेलं." वहिनीला हसावं की धपाटा घालावा कळेना. पण काका म्हणून सांगतो, तेव्हा शाळा बंद, खाली उतरायला बंदी, तो गेम म्हणजेच त्याचं मैदान होतं. रात्री ९ ला चौघं भेटायचे. खेळायचे कमी, बाकी सगळं गॉसिप. कुणाच्या घरी काय जेवण, कोणाचे बाबा कोणावर ओरडले.

काकू_मुलुंड
गेमची बटणं मला कळत नाहीत. पण हे आपल्या कट्ट्यासारखंच झालं की.

अर्धा कप
खेळता खेळता "थांब, आई बोलावतेय" म्हणायची सोय यांना नाही, हे मला फार उशिरा समजलं. मी रोज ओरडायचे, पॉज कर आणि जेवायला ये. तो म्हणायचा आई पॉज होत नाही. मला वाटायचं बहाणा. मग एकदा शेजारी बसून बघितलं. समोर खरी माणसं खेळतायत, हा उठला की टीममध्ये एक कमी, हरले तर रँक सगळ्यांची खाली. आपल्या टीव्हीला जोडायच्या मारिओला पॉज होता म्हणून माझ्या डोक्यात तेच.

आम्ही काय करायचो? मुठीची पप्पी घेऊन टॅम्प्लीज! आणि पाणी पिऊन यायचो. यांच्याकडे टॅम्प्लीज नाही हो. आता आमचा करार असा की मॅच सुरू करायच्या आधी विचारायचं, कुकर लावलाय का. तीन शिट्ट्यांत मॅच संपत नाही, हा माझा अभ्यास.

पाचवी गल्ली
+१ टॅम्प्लीज. शिवाय "रडीचा डाव खडी" पण जिवंत आहे, फक्त हल्ली त्याला लॅग म्हणतात. हरलं की "नेट गेलं होतं". आमच्यावेळी "माझा पाय लागलाच नव्हता".

खिडकीपाशी
@अर्धा कप कुकरचा करार चोरतेय 😄
@पाचवी गल्ली अगदी!! आमच्यात एक होता, कधी आउटच व्हायचा नाही. बॅट त्याची ना.

निवांत
आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं. जुन्या अंगणाचं पार्किंग झालं, त्याच्या भिंतीवर पाटी, "येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई". मग मुलं कुठे बसणार? दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात. परवा दूध घेऊन चढत होतो तर पाच जणं एकमेकांना खेटून, एकाच्या हॉटस्पॉटवर पाचही फोन. हेडफोन सगळ्यांना, तरी तोंडाने ओरडतायत, "मागे बघ, मागे बघ". ज्याचा हॉटस्पॉट तो सगळ्यात वरच्या पायरीवर. "मला आधी रिवाइव (परत जिवंत) करायचं, नाहीतर नेट बंद करेन."

बॅट त्याची, दुसरं काय. पिशवी घेऊन मी मधूनच गेलो, एकानेही पाय आवरला नाही.

सोसायटीच्या मीटिंगला जिन्यात बसण्यावर पण ठराव आणतायत. आणा.

मृगनयनी_४००६०१
सगळेच गोड गोड लिहितायत म्हणून थोडं कडू लिहिते, रागावू नका.

माझी भाची चौदाची. टीममध्ये अनोळखी मुलं होती, हिने माइक चालू केला आणि आवाज ऐकून सुरू झाले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आता तिने नाव मुलाचं घेतलंय आणि माइक बंद. खेळते छान, त्या मुलांपेक्षा छान. पण मुकी खेळते.

मला माझंच आठवलं. वाडीतल्या क्रिकेटमध्ये मला फिल्डिंगला ठेवायचे, तेही बॉल गटारात गेला तर काढायला. बॅटिंग "उद्या". असा उद्या चार वर्षं.

लोकलवाली
@मृगनयनी मिठी गं. माझी पण माइक लावत नाही, मला वाटायचं लाजते. आज विचारते घरी गेल्यावर.

अर्धा कप
@मृगनयनी भाचीला सांगा ब्लॉक आणि रिपोर्ट दोन्ही बटणं असतात. आणि ओळखीच्या मुलींची टीम करता येते का बघा. माझी एक आहे बारावीतली, विचारू?

मृगनयनी_४००६०१
विचारा ना! खरंच विचारा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

एक्सपी_संपला
मी इथल्या बऱ्याच जणांच्या मुलाच्या वयाचा असेन (सेकंड इयर). एक सांगू? लॉकडाउनमध्ये "अमंग अस" हा गेम खेळायचो, आजी बाजूला बसून बघायची. एक जण इम्पॉस्टर (लपलेला खुनी), बाकी सगळे कामं करतात, मग मीटिंग, आरडाओरडा, संशयावरून कोणालातरी बाहेर. दहा मिनिटं बघून ती म्हणाली "हे राजा-प्रधान-चोर-शिपाई आहे." चिठ्ठ्या काढल्या, हजार आणि शून्य लिहिलं, आम्हाला खेळायला लावलं. आणि शिपाई आला तरी असा निरागस चेहरा की आम्ही तिलाच चोर समजून बसायचो. दर वेळी.

बाय द वे ज्याच्याकडे स्किन (गेममधला विकतचा पोशाख) नाही त्याला "डिफॉल्ट" म्हणून चिडवतात, ते खरंच लागतं. शाळेत माझे बूट साधे होते तेव्हा लागायचं तसंच. म्हणजे एखाद्या मुलाने स्किनसाठी पैसे मागितले तर लगेच उधळ्या म्हणू नका. देऊ पण नका, पण आधी ऐका.

परळकर
@एक्सपी आजींना दंडवत.

भाऊ_दहिसर
सगळं ठीक आहे पण डोळ्यांचं काय? चष्म्याचा नंबर कोण भरणार? माझ्या मेव्हण्याने तर रमीवर पगार घातला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा घरात पेढे वाटले.

निवांत
@भाऊ तो वेगळा विषय हो, आम्ही लगोरीबद्दल बोलतोय 🙂 पण मेव्हण्यांचं वाचून वाईट वाटलं. आता ठीक?

भाऊ_दहिसर
ठीक. आता लुडो किंग खेळतो, फुकटातला. तो गेम आपल्या नवी मुंबईतच बनलाय हे मला त्यानेच सांगितलं, अभिमानाने. सोंगटी मारली की अजून तितकाच नाचतो.

पोळीभाजी
उशिरा आले, पाणी जायच्या आत भांडी उरकली. आमचा किल्ला!! दिवाळीला सोसायटीत माती आणू देत नाहीत, फरशीवर डाग पडतात म्हणून. तर मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी माइनक्राफ्टमध्ये सिंधुदुर्ग केला. चहूबाजूंनी समुद्र, नागमोडी तट, आणि दरवाजा पटकन दिसत नाही असा. खऱ्याचाही दिसत नाही, मालवणला जाऊन आलो होतो तेव्हा त्याने ते बरोबर पकडलं होतं. दोन आठवडे चाललं होतं. आणि वसुबारसेच्या रात्री चौथ्या मुलाने, ज्याला घेतलं नव्हतं, आत शिरून स्फोटकं लावली. अर्धा तट समुद्रात.

आम्ही लहान असताना वरच्या मजल्यावरून एका मुलाने आमच्या किल्ल्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं, त्यालाही घेतलं नव्हतं. तेव्हा सगळे मावळे वाहून गेले होते.

मुलं दोन दिवस त्या चौथ्याशी कट्टी. तिसऱ्या दिवशी बघते तर तोच तट बांधतोय, बाकीचे त्याला दगड आणून देतायत.

खिडकीपाशी
@पोळीभाजी अगं किती छान लिहिलंस. फोटो टाक ना किल्ल्याचा. आम्ही हळीव पेरायचो किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून, आठवतं?

काकू_मुलुंड
हळीव! माझ्या सुनेचं बाळंतपण आहे पुढच्या महिन्यात, लाडवांसाठी हवेत. दादरला चांगले कुठे मिळतात?

पोळीभाजी
काकू आधी अभिनंदन! 💐 मी स्टेशनबाहेरच्या मसालेवाल्यांकडून घेते, पण निवडून घ्या, खडे असतात. नारळाच्या पाण्यात भिजवता की साध्या?

काकू_मुलुंड
नारळाच्या. गूळ किती घालता तुम्ही?