भाऊ कॅनडाचा नागरिक झालाय, खानापूरच्या जमिनीचं आणि मताचं काय? सल्ला हवा

खानापूरचा_थोरला
नमस्कार मंडळी. वडील वारले, वारसा करायचाय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात भाताची जमीन आहे, काजूची थोडी झाडं. वारस आई, मी आणि धाकटा. धाकट्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय, भारताचा पासपोर्ट मात्र अजून त्याच्याकडंच आहे. एक एजंट म्हणतो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढला की दोन्हीकडचा नागरिक. चुलते म्हणतात, परदेशी झाला, हिस्सा संपला. शेजारचं रान विकायला निघालंय, तेही त्याला स्वतःच्या नावावर घ्यायचंय. मतदार यादीत नावही आहे. काय करायचं सांगा की.

टिळकवाडीची_वकीलबाई
एजंटही चुकला, चुलतेही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 बघा. स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं तिथंच संपतं. ओसीआयवर हवं तेव्हा यावं, कितीही दिवस राहावं. पण मत नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही.

वारसा मात्र त्याला मिळतो, शेतजमिनीचासुद्धा. त्याला गाळून तलाठ्याकडं वर्दी देऊ नका, उद्या भाऊबंदकी कोर्टात जाते. शेजारचं रान त्याला घेता येणार नाही; शेतजमीन, फार्महाऊस, मळे ओसीआयवाल्याला ना विकत घेता येतात ना बक्षीस. आणि पैसे त्याचे, नाव तुमचं, असलं तर अजिबात नको. बेनामी कायद्यात सापडाल.

निपाणीकर
आमच्या साडूंचं असंच झालं. आधी पासपोर्ट वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मगच ओसीआयचा अर्ज. जुन्या पासपोर्टवर प्रवास करू नको म्हणावं. मुदत शिल्लक असली म्हणून चालत नाही, दंड बसतो.

शहापूरचा_बाळू
डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात आपली ओळख आहे. तिथून नागरिकत्व परत करून घेता येईल का?

टिळकवाडीची_वकीलबाई
बाळूदादा, ओळख दुसऱ्या कामाला ठेवा. नागरिकत्व हा संघसूचीतला, म्हणजे फक्त केंद्राच्या हातातला विषय आहे, नोंद क्रमांक 17. परदेशी माणसाला देशात घेणं, बाहेर काढणं, पासपोर्ट-व्हिसा हे 19 मध्ये. डीसी फार तर कागद तपासून पुढं पाठवतील, निर्णय दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, हा कज्जा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल कसाही लागला तरी यात तसूभर फरक पडत नाही.

परत यायचंच झालं तर वाट आहे. ओसीआय होऊन पाच वर्षं, त्यात अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य, मग अर्ज. कॅनडाचं नागरिकत्व सोडावं लागेल, ही तयारी आहे का ते आधी त्याला विचारा.

खानापूरचा_थोरला
ताई, लाख उपकार. सोडायचं काही त्याच्या मनात नाही. मतदार यादीचं? गावातले लोक म्हणतात, राहू दे, कोण बघतंय.

टिळकवाडीची_वकीलबाई
फॉर्म 7 भरून नाव कमी करा. मत फक्त नागरिकालाच, घटनेचं कलम 326. परदेशात राहून भारतीयच राहिलेल्यांसाठी 6ए फॉर्म आहे, तुमच्या भावाला तो लागू नाही.

निपाणीकर
त्याला हिस्सा नकोच असेल तर हक्कसोडपत्र करून घ्या. विकायचा म्हटला तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येतो.

खानापूरचा_थोरला
सोडणार नाही म्हणतो, आईच्या पाठोपाठ त्याचंही नाव लागू दे. पण यायला सुट्टी नाही.

टिळकवाडीची_वकीलबाई
मग तिथल्या वकिलातीत साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठवू दे. इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.