बोलून लिहिण्याला मराठीत काय म्हणावं?

आमच्या घरात सध्या 'बोलून पाठवलं' याचे तीन अर्थ होतात, म्हणून हा प्रश्न इथे मांडते आहे.

पहिला अर्थ, आवाज पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय २०१३ पासून आहे. माइक दाबून ठेवायचा, बोलायचं, बोट उचललं की आवाज गेला. दुसरा अर्थ, कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायचं, अक्षरं उमटली की ती पाठवायची. इथे समोरच्याला आवाज जात नाही, मजकूर जातो. गूगलच्या कीबोर्डवर मराठीसाठी हे ऑगस्ट २०१७ मध्ये आलं. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू धरून आठ भारतीय भाषांना एकदमच मिळालं. तिसरा अर्थ, फोनलाच हुकूम सोडणं: 'मावशीला मेसेज पाठव.' हा तिसरा आमच्याकडे क्वचित होतो. खरा घोळ पहिल्या दोन्हींत आहे, कारण दोन्हींचे माइक एकाच पडद्यावर, बोटभर अंतरावर असतात. मावशी आईला विचारते, "बोलून पाठवलंस का?" आई म्हणते, "हो." मग मावशी आवाज कुठे दिसतोय ते शोधत बसते, आणि आईचा मजकूर तिच्या डोळ्यांसमोर असतो.

मला शब्द हवा आहे तो दुसऱ्या अर्थासाठी. 'व्हॉइस टायपिंग' सगळ्यांना कळतं, त्याला माझा विरोध नाही. पण त्याचं क्रियापद होत नाही. 'व्हॉइस टायपिंग करून पाठवते' असं आई कधीच म्हणणार नाही.

हे माझ्यासाठी नुसतं शब्दांचं कुतूहल नाही. आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत. बारीक कळांवर एक अक्षर दाबायला गेलं की शेजारचं दाबलं जातं. गेली दोन वर्षं ती बोलूनच लिहिते. मागच्या महिन्यात बाबांना थोडी कणकण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला:

बाबांना बरं नाही वाटलं तर फोन करते

मी तो कामाच्या गडबडीत वाचला. बरं नाही वाटलं तर फोन करेल. फोन आला नाही म्हणजे बरं आहे. संध्याकाळी कळलं की सकाळीच ताप १०२ वर गेला होता आणि ती एकटी त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली होती. ती बोलली होती ते असं: "बाबांना बरं नाही. वाटलं तर फोन करते." फोनने एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता. 'नाही'नंतर ती थांबली होती, ते थांबणं तेवढं लिहिलं गेलं नाही.

तेव्हापासून मला वाटतं, या कृतीला असं नाव हवं की त्यात दोन माणसं दिसावीत, एक सांगणारा आणि एक लिहिणारा. एक लिहिणारा मध्ये आहे हे नावातून कळलं, तर पाठवणारा एकदा वाचून बघेल आणि वाचणाराही सांभाळून वाचेल.

मी विचार केलेले शब्द: ध्वनिटंकन, ध्वनिलेखन, श्रुतलेखन. 'टंक' म्हणजे छिन्नी. टाकी आणि टांकसाळ त्याच कुळातले. टंकलेखनात कळ आपटायची, ठसा उमटायचा, म्हणून तो शब्द शोभला. बोलण्यात ठोका कुठे आहे? अर्थात व्युत्पत्तीवरून शब्द टाकून द्यायचा नसतो, पण ध्वनिटंकन हा शब्द मला कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही, ही अडचण मोठी. 'ध्वनिलेखन' ध्वनिमुद्रणाच्या इतकं जवळ आहे की पुन्हा पहिल्या अर्थाशी गल्लत होईल. राहिलं श्रुतलेखन. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद : प्राथमिक शाळेतली शिक्षिका

श्रुतलेखन आमचा रोजचा शब्द आहे. अनुलेखन म्हणजे बघून लिहिणं, श्रुतलेखन म्हणजे ऐकून लिहिणं. मी बोलते, मुलं लिहितात. 'आज श्रुतलेखन घेते' असं मी म्हणते. 'करते' म्हणत नाही, कारण करणारी मुलं असतात. तुमच्या आईच्या बाबतीत श्रुतलेखन फोन करतो. 'मी श्रुतलेखन करून पाठवलं' असं आईने म्हटलं तर अर्थ उलटा होईल.

आणि एक गोष्ट. श्रुतलेखन घेताना मी वाक्य दोनदा म्हणते. पहिल्यांदा सलग, म्हणजे अर्थ कळावा. दुसऱ्यांदा तुकडे पाडून, म्हणजे लिहिता यावं. लहान वर्गात 'पूर्णविराम' हा शब्दही तोंडाने म्हणते. पहिल्या वर्षी काही मुलं वहीत 'पूर्णविराम' असं अक्षरांत लिहितात. त्यांची काही चूक नसते, त्यांनी ऐकलेलं लिहिलेलं असतं.

प्रतिसाद : निवृत्त लघुलेखक

आमच्या खात्यात यासाठी शब्द होता आणि तो अगदी बरोबर चालायचा: डिक्टेशन. साहेब डिक्टेशन देतात, आम्ही घेतो. 'देणे' आणि 'घेणे' या दोन क्रियापदांत दोघांची कामं वाटलेली. शब्द इंग्रजी असेल, पण त्याला जोडलेली मराठी क्रियापदं कामाची होती. शासनाच्या पदनामांत लघुटंकलेखक, निम्नश्रेणी लघुलेखक, उच्चश्रेणी लघुलेखक आले तरी बोलताना डिक्टेशनच राहिलं. मराठीत म्हणायचंच तर आम्ही 'मजकूर सांगणे' म्हणायचो. "साहेब मजकूर सांगतायत, आत जाऊ नका."

मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा दिलेला माणूस म्हणून एक सांगतो. वेगाने घेणं हे निम्मं काम. साहेब कुठे थांबले, कुठे आवाज चढला, कुठे श्वास घेतला, हे ऐकून वाक्य कुठे तोडायचं ते आम्ही ठरवायचो. शंका असली की मजकूर संपल्यावर "वाचून दाखवू का?" असं विचारायचं. ज्याने हे विचारायचं सोडलं त्याच्या हातून कधी ना कधी घोटाळा झाला. आईंना सांगा, फोन विचारणार नाही, तुम्हीच वाचून पाहा.

प्रतिसाद : कोल्हापूरहून

आमच्यात सरळ 'माइकवर लिहितोय' म्हणतात, घरातल्या बायकापण. शब्द बनवायची गरज वाटली नाही कधी. फक्त एक अडचण येते. आमच्याकडे बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. फोन ते बरोबर लिहितो, मग पुण्यातली सून विचारते, हा मेसेज मामंजींनी लिहिला का?

प्रतिसाद : मोडी वाचणारा

तुमच्या आईंचा मेसेज वाचून मला मोडी पत्र आठवलं. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. ओळ सलग धावते. अर्थ कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि वाकबगार वाचणारा ते ठरवतो. स्वल्पविराम, पूर्णविराम आपल्याकडे इंग्रजी अमलात, छापखान्याबरोबर रुळले. मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. त्याआधी कित्येक शतकं मराठी चिन्हांवाचून लिहिली गेली.

जुन्या पत्रांतही सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. चिटणीस, फडणीस या नावांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. मजकूर संपला की त्याखाली मोर्तब उमटायचं. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असते, म्हणजे लेखनाची सीमा इथे झाली, यापुढे कुणी काही जोडलं तर ते आमचं नव्हे. शिक्का आणि मोर्तब झाल्यावाचून कागद बाहेर जात नसे.

मूळ लेखिका

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. लघुलेखकांचं म्हणणं तिला सगळ्यात पटलं.

शिक्षिकाबाईंमुळे माझा श्रुतलेखनाचा हट्ट सुटला. क्रिया कुणाची हे त्यांनी नेमकं दाखवलं. त्याच धाग्याने पुढे जाते. आपल्याकडे 'लेखक' शब्दसुद्धा आधी लिहून घेणाऱ्याला लावलेला दिसतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा काळ सांगताना ओवी म्हणते की टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने 'लेखकु जाहला'. रचणारा एक, लेखकु दुसरा. आज दहावी-बारावीच्या परीक्षेत ज्या विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नाही त्याच्याशेजारी बसणाऱ्याला आपण लेखनिक म्हणतो. विद्यार्थी सांगेल तेवढंच त्याने लिहायचं, स्वतःची भर घालायची नाही. तेव्हा लिहिणाऱ्याला शब्द आहे. मला हवा होता तो सांगणाऱ्याच्या क्रियेला.

आणि तो शब्द आईनेच दिला. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "आता लिहीत नाहीस का गं?" आई म्हणाली, "लिहवत नाही मला. फोनकडून लिहवून घेते."

एका दमात दोनदा तेच क्रियापद, आणि अर्थ दोन. पहिलं 'लिहवत नाही' म्हणजे हात साथ देत नाही. चालवत नाही, पाहवत नाही, बोलवत नाही, त्यातलंच. दुसरं 'लिहवणे' म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेणं. करणे-करवणे, शिकणे-शिकवणे यांच्या रांगेतलं. ज्याला लिहवत नाही तो लिहवतो. हे मराठी व्याकरणात मुळातच होतं, मी उगाच संस्कृत जोडाक्षरं शोधत होते.

म्हणून माझा कौल असा. आवाज पाठवला तर 'आवाज पाठवला'. बोलून मजकूर केला तर 'फोनकडून लिहवला'. 'लिहवून पाठवलंय' एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं की मध्ये एक लेखनिक आहे आणि त्याला थांबे ऐकू येत नाहीत. कोल्हापूरकरांचं 'माइकवर लिहितोय' मला आवडलं, ते बोली आहे, चालणारं आहे. पण त्यात लिहिणारा मीच राहतो, फोन दिसत नाही.

एक अडचण मात्र मान्य करते. 'लिहून घेते' आणि 'लिहवून घेते' यांत फरक फक्त एका 'व'चा आहे. 'नंबर लिहून घेते' म्हणजे मी स्वतः टिपते. 'नंबर लिहवून घेते' म्हणजे दुसरं कुणी टिपतं. काल मी मुद्दाम फोनला शांतपणे, अक्षर अक्षर सुटं करून 'लिहवून घेते' असं सांगितलं. दोन वेळा त्याने 'लिहून घेते' लिहिलं. तिसऱ्या वेळी 'लिहवून' आलं. आईच्या फोनवर पाचही वेळा 'लिहून'च आलं. तुमच्या फोनवर काय येतं, बघून कळवा. आणि वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात हा 'व' बोलताना ऐकू येतो का, तेही सांगा. आमच्याकडे सोलापूर भागात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तो अजून स्पष्ट येतो.

प्रतिसाद : निवृत्त लघुलेखक

माझ्या फोनवर 'लिहवून' पहिल्याच वेळी आलं. बाबा आता कसे आहेत?

मूळ लेखिका

बरे आहेत. ताप चौथ्या दिवशी उतरला. आई आता वाक्य संपलं की तेवढंच पाठवते आणि पुढचं वाक्य नव्याने सांगते. आज सकाळी तिचे ओळीने दोन मेसेज आले. पहिला, 'बाबांना बरं आहे'. त्याच्याखाली दुसरा, 'वाटलं तर फोन कर'. मी लगेच केला.