शांत रोबो व्हॅक्यूम-मॉप: घरात मांजर आणि कुत्रा

प्रश्न: मांजर आवाजाला बिचकते, कुत्र्याचे केस सगळीकडे. खोक्यावरच्या डेसिबलवर विसंबावं का?

उत्तर: नको. तो आकडा बहुधा कमी सक्शनचा (कचरा ओढण्याचा जोर कमी असतानाचा) असतो. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणून कमाल सक्शनचा आकडाही बघा. खरा दचकवणारा आवाज डॉक (रोबो चार्जिंगला जिथे परततो तो स्टँड) रोबोतला कचरा ओढतो तेव्हाचा. ॲपमधून त्याची वेळ ठरवता येते का, ते आधी तपासा.

उत्तर: मुख्य ब्रश रबरी घ्या. तरी दोन्ही टोकांपाशी केस अडकतातच; दर आठवड्याला काढा, नाहीतर घरघर सुरू होते.

प्रश्नकर्ता: पुसणं सोबतच चालेल?

उत्तर: आधी व्हॅक्यूम, मग पुसणं. ओल्या केसांचा लगदा होतो. अडथळे ओळखणारा कॅमेरा हवाच; साधा रोबो प्राण्यांची शी घरभर फासतो!