टॉवरच्या पुढचं काय?
बरेच जण म्हणतात की गावात टॉवर आला, स्वस्त स्मार्टफोन मिळाला की आदिवासींचा प्रश्न सुटला. टॉवर हवाच, पण तेवढ्याने नाही भागत. गडचिरोलीतल्या भामरागडकडे एका माडिया आदिवासी आजीला फोनवर पेन्शनची चौकशी करताना पाहिलंय, पलीकडून मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, आणि आजीने गुपचूप फोन नातवाच्या हातात दिला. फार वाईट वाटलं.

छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वर हे फोनवरून बोलायचं-ऐकायचं लोकांचं व्यासपीठ चालू झालं ते म्हणूनच मोलाचं वाटतं, साधा फोन, मिस्ड कॉल द्यायचा, उलटा कॉल आला की गोंडीत, म्हणजे गोंड आदिवासींच्या भाषेत, आपलं गाऱ्हाणं बोलून रेकॉर्ड करायचं, दुसऱ्यांचंही ऐकायचं, लिहिता-वाचता यायची अटच नाही. नाहीतर गोंडीच्या लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर अक्षरं लिहिण्याच्या जागतिक प्रमाणात, आल्या त्या थेट २०१७-१८ ला!