मदत हवी आहे : पारदर्शक लाकडात दुधी पट्टे राहतायत

नमस्कार मंडळी, कोणी केमिस्ट्रीतलं किंवा लाकडाच्या धंद्यातलं असेल तर जरा सांगा. भाचीचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट चाललाय, पारदर्शक लाकूड. 2016 मध्ये स्वीडनच्या केटीएच या तंत्रविद्यापीठाने आणि अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाने करून दाखवलं तेच, म्हणजे लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा आणि तपकिरी रंग देणारा घटक) काढायचं नाहीतर नुसता त्याचा रंग घालवायचा आणि मग सेल्युलोजच्या नॅनो धाग्यांच्या सांगाड्यात रेझिन भरायचं, दोघांचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) जवळपास सारखा असला की उजेड आत विखुरत नाही, आरपार जातो.

आम्ही बाल्साचं 1 मिमी व्हिनिअर (पातळ पत्रा) हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरंशुभ्र केलं, इथपर्यंत मस्त. पण इपॉक्सी रेझिन भरल्यावर मधोमध लाकडाच्या रेषांच्या दिशेने दुधी पट्टे राहतात, कडा मात्र एकदम क्लिअर, खाली पेपर ठेवला तर वाचता येतो. मला वाटतं आत पाणी नाहीतर हवा अडकतेय.

तर स्पिरिटमध्ये बुडवून पाणी काढलं की पुरतं का, की व्हॅक्यूम लागणारच? फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर पंप म्हणून चालेल? आणि बाल्सा महाग पडतं हो, त्याऐवजी सावर किंवा पांगारा कोणी वापरून बघितलाय का, दोन्ही हलकीच लाकडं आहेत.

लिग्निन काढायची सोडियम क्लोराइटवाली पद्धत प्लीज सुचवू नका, त्यात विषारी वायू निघतो आणि कॉलेजातला फ्यूम हूड (वायू बाहेर खेचणारं कपाट) बंद आहे (तो वेगळाच विषय). पुढे तिला पॉलिइथिलीन ग्लायकॉल (वितळताना उष्णता शोषणारा पदार्थ) भरून उष्णता साठवणारं लाकूड करायचंय, केटीएचने 2019 मध्ये केलं तसं, त्याबद्दल कोणाला माहिती असेल तर तीही चालेल.