प्रतिसाद: आमदारांची मते आणि पुरवणी मागण्या

या चर्चेत वर एका सदस्यांनी सुचवले आहे की अर्थसंकल्पावर कोणत्या आमदाराने कसे मत दिले, याची यादी लावून काटकसरी कोण आणि उधळे कोण हे ठरवावे. हेतू चांगला आहे. मात्र विधानसभेत बहुतेक मागण्या, म्हणजे सरकारने खात्यांच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, आवाजी मतदानानेच मंजूर होत असल्याने नावनिशीवार नोंद सहसा उरतच नाही. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार सभागृह मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. विधान परिषदेला तर मागण्यांवर मतच नाही. मागणीची रक्कम कमी करा असे सुचवणाऱ्या कपात सूचना नियमितपणे येतात, पण ती संमत होणे म्हणजे सरकारवर अविश्वास, त्यामुळे पक्षादेशापुढे सत्ताधारी आमदाराची काटकसर मनातल्या मनातच राहते.

माझ्या मते खरी गळती पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा रकमांत आहे. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात, जेमतेम दोन आठवड्यांत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. हा खर्च खरोखरच अनपेक्षित होता काय?

आपल्या नाशिकचेच घ्या. २०२७ चा सिंहस्थ काही अचानक उगवलेला नाही; तो बारा वर्षांनी येतो हे रामकुंडावरचा फुलवालाही सांगेल. म्हणून आपल्या आमदारांना मताबद्दल नव्हे, तर सिंहस्थाच्या कोणत्या कामाची तरतूद मूळ अर्थसंकल्पात होती आणि कोणती पुरवणीत घुसवली, एवढेच लेखी विचारावे.